यादीबाहेरची जुडी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मुलांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. आता ती नाही. म्हणून तुम्हाला सांगतो — मध्ये थांबलो तर थांबू द्या.

आमच्या ऑफिसात माझा लौकिक होता : हा माणूस बाजारातून यादीबाहेरची काडी आणत नाही. नवी लग्न झालेली पोरं मला विचारायला येत. मी सांगायचो — जेवून बाजारात जा, यादी करून न्या, वस्तू हातात घेऊ नका, एकदा घेतली की ठेववत नाही. खोटं नव्हतं ते. पण हे मी कुठे शिकलो? कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. धरमपेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं — बाबा, मी आणि माझी बायको सुमन. दर बुधवारी सुमन आणि मी बाजार करायला जायचो. आठवड्यात तिचं घराबाहेर पडणं तेवढंच. मौद्याकडून रुखमाबाई भाजी घेऊन यायची. सुमन आधी तिच्याशी भावावरून भांडायची, मग तिच्याच पोत्यावर बसून हसत राहायची. घरात ती तशी हसत नसे.

एका बुधवारी त्या दोघी बोलत बसल्या होत्या. मी उगाच फिरत होतो. एका ठेल्यावर चिनी मातीचा ससा दिसला. काय होतं त्यात? कान गुलाबी होते. मी हातात घेतला — आणि तेलाच्या पैशात घेऊन टाकला.

घरी आलो. तेलाचा डबा रिकामा, पिशवीत ससा. बाबांनी विचारलं, "हे कोणाचं डोकं?"

मी सुमनकडे पाहिलं. बस्स.

तिनेही माझ्याकडे पाहिलं — आणि मान खाली घातली.

"सूनबाईचा हात लई मोकळा आहे," बाबा म्हणाले. "यापुढं बाजारात तू एकटाच जात जाय गा. यादी मी सांगीन."

ससा त्यांनी फळीवर ठेवला, आठवण राहावी म्हणून. मी पुढच्या बुधवारी यादी घेऊन एकटा गेलो. त्यानंतरच्याही.

रुखमाबाईनं विचारलं, "बाई काहून नाही आल्या जी?" मी म्हणालो, बरं नाही तिला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. "तुमच्यासंगं भाव करण्यात मजा नाही, भाऊ," ती म्हणायची. "तुम्ही तर मी म्हणीन तेवढे देऊन टाकता. बाईले धाडा." मी आजारपण वाढवत गेलो. एकदा खोटं सांगितल्यावर दुसरं काय करणार होतो?

उन्हाळ्यात तिने चिवळची जुडी पिशवीत ठेवली. "बाईले भाजी करून घाला, अंगातली गरमी जाते. पैसे नका देऊ." सुमनला चिवळ फार आवडायची. पण जुडी यादीत नव्हती. घरी नेली असती तर कुठून आली ते सांगावं लागलं असतं. वाटेत एका कुंपणावर मी ती ठेवून दिली आणि चालू लागलो. तेव्हा मला काही वाटलं नाही. हे बोलतानाही, खरं सांगू — फारसं वाटत नाही. ते कुंपण तेवढं दिसतं.

त्याच रात्री भाकरी वाढताना सुमननं विचारलं, "रुखमा विचारते का हो मले?"

मी म्हणालो, "नाही."

तिने आणखी एक भाकरी वाढली. पुन्हा कधी ते नाव काढलं नाही.

सहा वर्षांनी बाबा गेले. तेरावं झाल्यावर मी तिला म्हणालो, बुधवारी येतेस का बाजारात? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता कशाले? तिथं कोण ओळखते मले?"

रुखमाबाई तेव्हाही तिथेच बसायची. आदल्या बुधवारीच तिने सुमनची तब्येत विचारली होती. एक वाक्य बोललो असतो तर सुमन उठून चपला घालून निघाली असती. पण दोघी भेटल्या असत्या तर माझं सगळं उघडं पडलं असतं.

मी म्हणालो, "बरं." आणि एकटा गेलो.