परसातली बाळंतीण

आमच्या जयपूरच्या रेल्वे क्वार्टरच्या मागे, परसात, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचा एक ढीग पडलेला होता. कुणी टाकला, कशाला टाकला, कुणाला पत्ता नाही. आमच्या आधीच्यांनी तो तसाच सोडला, आम्हीही सोडला. त्या ढिगाखाली एक मुंगूस राहायचं. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. वाळत घातलेल्या कुरडयांवरून ते खुशाल पळत जायचं आणि मी लाटणं घेऊन त्याच्या मागे.

कौतुक होतं ते सासूबाईंना. सासरे गेल्यावर यांनी त्यांना सांगलीकडच्या आमच्या गावाहून इथं आणलं, आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद सुरू झालं, "मला गावी सोडा." त्यांचंही काय चुकत होतं म्हणा! हे सिग्नलच्या ड्युटीवर, मी शाळेत शिकवायला, आणि शेजारणींशी बोलावं तर हिंदीच्या नावानं शंख. मी आपली रोज नवं कारण काढायची. आता थंडी आहे, आता उन्हाळा आहे, आता यांना रजा नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला परसातून अशी हाक मारली की मी हातातली कणीक तशीच घेऊन धावले. "अगं, बघ तरी! बाळंतीण हाय ती!" स्लीपरांच्या फटीतून तीन एवढीएवढीशी तोंडं बाहेर डोकावत होती. मुंगसानं एकेकाला मानेला धरून आत ओढलं, पुन्हा बाहेर आलं आणि आमच्याकडे टक लावून बघत बसलं.

झालं, त्या दिवसापासून घरात बाळंतिणीची सरबराई सुरू झाली. फ्रिजमधली अंडी गायब व्हायला लागली. मुंगूस अंडं पुढच्या पायांत धरायचं, बारीक टोकाला भोक पाडायचं आणि आतलं सगळं चाटूनपुसून खायचं. रात्री जेवताना सासूबाई यांना त्याचं साग्रसंगीत वर्णन ऐकवायच्या. कोणतं पिल्लू दांडगं, कोणतं भित्रं, कोणतं आईला चावलं. गावी सोडा हे शब्दच बंद झाले. मी मनातल्या मनात त्या मुंगसाला हात जोडले.

त्यात मागची भिंत फुगली. ती पाडून नवी बांधायची, त्यासाठी ढीग उचलायचा, असं सांगायला ठेकेदाराचा मुकादम आला, तेव्हा घरात सासूबाई एकट्याच होत्या. संध्याकाळी मी आले तर दारातच उभ्या, चेहरा नुसता फुललेला.

"मी बोलले त्याच्याशी. हिंदीत! 'नागपंचमी के बाद आना, अभी खोदना नहीं.' लगेच मान डोलावली त्यानं."

आमच्याकडे पंचमीला जमीन खणत नाहीत, काही चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. तोच धागा धरून म्हातारीनं मुदत मिळवली होती. "पिल्लं आहेत असं सरळ सांगायचं की," मी म्हटलं.

"गप गं. पिल्लं म्हटलं की चार टाळकी जमणार, त्यातला एखादा काठी घालणार. देवाचं नाव घेतलं की कुणी वाद घालत नाही."

हे खो खो हसले. "आई, नागाच्या नावानं मुंगूस राखलंस? नाग काय म्हणेल?"

"म्हणू दे की. पंचमीपर्यंत पोरं हिंडाफिरायला लागतील, मग खणा काय खणायचं ते." भिंतीवरच्या, गावाहून आणलेल्या दिनदर्शिकेत पंचमी चांगली महिनाभर लांब होती.

पुढे एक दिवस रजा टाकून मी त्यांना शहरातल्या सोडाला भागात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुपारी परत आलो तर परस मोकळं. ढीग नाही, जुनी भिंत नाही, जमीन सपाट केलेली. मुकादम हसत पुढे आला. "माँजी, आपने जैसा कहा था. कल नागपंचमी हो गई, आज हमने काम शुरू कर दिया."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "काय म्हणतोय गं?"

काय सांगणार? इकडे महिना पौर्णिमेनंतर लागतो. त्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी येतो आणि राजस्थानात नागपंचमी त्या सावनच्या वद्य पंचमीला, म्हणजे आमच्या शुद्ध पंचमीच्या तितकीच आधी. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! शेजारीण सावनचे सोमवार धरायची तेव्हा आमच्याकडे मटण शिजत असायचं आणि हे दरवर्षी त्यावर तोच विनोद करायचे. सासूबाईंनी मुदत मिळवली त्या संध्याकाळी मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. अगदी साधी गोष्ट होती हो!

ढीग सकाळीच ट्रॉलीत भरून गेला होता. पिल्लांचं त्या बिचाऱ्या मुकादमाला काहीच माहीत नव्हतं. कळल्यावर त्यानं कानाला हात लावले आणि ड्रायव्हरला फोन केला. हे स्कूटर घेऊन गेले, मलबा टाकतात तो खड्डा काठीनं उपसून आले. हाती काही लागलं नाही.

ऊन उतरताना मुंगूस आलं. तोंडात उंदीर होता. ढिगाच्या जागेला त्यानं एक चक्कर मारली, मग दुसरी. उंदीर खाली ठेवला, माती उकरली, पुन्हा उंदीर उचलला आणि दुसरीकडे जाऊन उकरायला लागलं.

"अगं, घास घेऊन आलीय गं ती," असं म्हणून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडल्या. सासरे गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मुंगूस काही दिवस येत राहिलं, मग यायचं थांबलं. आमची पंचमी आली. मी पाटावर गंधानं नाग काढले, दूध-लाह्या ठेवल्या, सासूबाईंना हाक मारली. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि तिथंच बसून राहिल्या.

"मला गावी सोडा गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथं मी सांगितलेली देवाची तिथीसुद्धा खोटी ठरते."

एरवी माझ्याकडे कारणांची कमी नव्हती. त्या दिवशी मीच यांना रजा टाकायला सांगितलं. यांनी त्याच आठवड्यात तिकीट काढलं.