दुसऱ्याच्या खणातलं कार्ड

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. अमरावतीच्या आमच्या हायस्कुलात मुलांना पुढच्या शिक्षणाचा, नोकरीचा सल्ला द्यायचं काम दोघांकडे होतं: माझ्याकडे, आणि मूळच्या अकोल्याच्या एका शिक्षिकेकडे. मुंबईला जाऊन आम्ही त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. खोली मात्र खेळाच्या सामानाची. सल्ला देताना मधूनच एखादा फुटबॉल पायाशी येई. मुलगे माझ्याकडे, मुली बाईंकडे. मुली सांगत ते बाई कार्डावर लिहीत आणि आपल्या खणात ठेवत. ते खोलीबाहेर जायचं नाही, असा प्रशिक्षणातला नियम होता. मला तो मुंबईपुरता वाटे. आमच्याकडे मास्तर भाजी घ्यायला गेला तरी बाप पोराची चौकशी करतो. त्याच्यापासून काय लपवायचं?

एकदा बाई वर्गावर असताना मी त्यांचा खण उघडला. शाई शोधत होतो, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मला वाचायचं होतं. वरचं कार्ड मॅट्रिकच्या एका मुलीचं होतं. वडील फुलं विकत. तिला नर्स व्हायचं होतं, आणि घरी ती स्वतः दिवाळीनंतर सांगणार होती. मी हबकलो. इतकी हुशार मुलगी, शिक्षिका व्हायची सोडून परक्या पुरुषांची शुश्रूषा करणार? त्याच संध्याकाळी वडिलांच्या दुकानी जाऊन मी सगळं सांगितलं, वर चहा घेतला आणि पुण्य पदरी पडल्यासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत येईना. मॅट्रिकचा फॉर्म भरायची मुदत संपत आलेली. मग बाईंना तिची चिठ्ठी आली: ‘बाई, तुमच्यावर भरोसा होता.’ बाईंनी ती दोनदा वाचली आणि खणात ठेवली. मी समोर होतो. वर्गाचं निमित्त काढून उठलो. दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं.

बाई एरवी पुस्तकी बोलत. रागावल्या की अकोला बाहेर पडे.

“मले कायले सांगता? तिले सांगा, तिच्या बापाले सांगा! अन् तुमाले नर्स व्हायचं नसंन तर नका होऊ ना. तुमाले कोनी म्हटलं काय?”

मी गेलो. बाप-लेक दुकानात हार करत बसले होते. मी दोघांची माफी मागितली. वडिलांनी वर पाहिलं.

“मास्तर, तुमी सांगतलं ते खोटं होतं काय?”

“नाही, खरंच होतं.”

“मंग माफी कावून मागून राह्यले?”

“सांगायचा हक्क हिचा होता. बाईंनी कोणाला सांगितलं नाही. मी त्यांच्या खणातून चोरून वाचलं.”

मुलीचे हात थांबले. “तुमी? अन् मी बाईले लिवलं…” तिनं मान खाली घातली. ती खाली घातलेली मान मला अजून छळते.

वडील मात्र हसायला लागले. “मास्तर होऊन चोरी करता? वा!” मग लेकीकडे वळले. “मले नर्सचा राग नोता आला, पोरी. मास्तरले ठाव अन् बापाले नाई, याचा आला.”

“मी सांगनारच होती, बाबा.”

“दिवाळीनंतर ना? झेंडूच्या गर्दीत बाप कोनाचं आयकत नाई, ठाव हाये तुले. बरं, उद्या शाळेत जाय. दिवाळी झाली की सांगजो. मी आजून काई आयकलं नाई.”

दिवाळीनंतर ते धुतलेली टोपी घालून मुलीसह आमच्या खोलीत आले. आवाज अगदी गंभीर.

“बाई, पोरगी नर्स व्हतो म्हनते. काल सांगतलं. मी तं चाटच पडलो! म्हटलं, पास हो अन् जाय.” मग माझ्याकडे पाहिलं. “काहो मास्तर, तुमाले काई ठाव होतं?”

“नाही बुवा,” मी म्हणालो.

सगळ्यांत आधी हसल्या त्या बाई. महिन्याभरात माझ्यासमोर हसल्या नव्हत्या.