पत्रिकेतून मामा गेला

चहा घ्या, पण हसायचं नाही, आधीच बजावून ठेवतो. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

पेणला रामवाडीत माझा छापखाना. अख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका मी छापतो, आणि घोळ झाला कुठे? माझ्याच पोरीच्या, प्राजूच्या पत्रिकेत!

दोष सगळा माझ्या मेहुण्याचा. शेखर, बायकोचा धाकटा भाऊ. रोह्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. साखरपुड्यात त्याला चहा उशिरा मिळाला. झालं, रुसला! "माझं नाव पत्रिकेत घालू नका!" नको तर नको. मी त्याच्या नावाशिवाय, मोरांच्या चौकटीत पत्रिका तयार केली. मग स्वारीचा राग उतरला, तेव्हा नाव घातलं. तेही ठळक अक्षरात, स्वतंत्र ओळीत. मुलीचा मामा तो, तिला बोहल्यावर तोच आणणार ना!

एकदा छापखान्यात आला आणि माझा कॉम्प्युटर बघून त्याने कपाळाला हात लावला. 'प्राजू फायनल', 'प्राजू फायनल नवीन', 'प्राजू हीच छापा'...

"भावोजी, हा काय बाजार मांडलाय? एक सॉफ्टवेअर टाकून देतो. फाइल एकच ठेवायची. केलेला बदल न् बदल ते लक्षात ठेवतं. पायजे तेव्हा मागं जा, पायजे तेव्हा पुढं या."

जुन्या सगळ्या प्रती त्यात ओळीने भरल्या, मागं जायची नि पुढं यायची अशा टाइप करायच्या दोन आज्ञा मला शिकवल्या आणि गेला रोह्याला.

पहिल्याच दिवशी मी चौकटीचा रंग बदलला. तर ते म्हणे, काय बदललं ते लिहा, नाहीतर मी नोंद घेणार नाही! अहो, दुकान माझं, पोरगी माझी, रंग माझा, आणि मी ह्याला जाब देऊ?

तरी गिळलं. मग सुलभा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "ती पयली मोरांची चौकट बरी व्हती. दाखवा ना जरा."

शेखरने शिकवलेली आज्ञा टाइप केली, आणि खरंच की हो! मोर हजर!

"हीच ठेवा," ती म्हणाली.

ठेवू, पण पुढं यायची आज्ञा काही आठवेना. शेखर शिफ्टला, फोन लागेना. आठवेल तसं टाइप केलं. तर ते म्हणतं, अशी आज्ञाच नाही. आणि वर मलाच विचारतं, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? अरे, तुला कळलंय ना मला काय म्हणायचंय? मग कर की गुमान! शाळेत मास्तरांनीसुद्धा माझा एवढा पाणउतारा केला नव्हता!

उठलो, कंट्रोल पॅनेल उघडलं आणि ते सॉफ्टवेअर दिलं हाकलून. मोर तसेच जागेवर. म्हटलं, बघा, काही अडलं का? पत्रिका लावली छपाईला. मजकूर? तो तर कधीच तपासून झाला होता!

आपल्याकडे पहिली पत्रिका देवाला, मग मामाला. कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, अक्षता नि पेढे घेऊन आम्ही रोह्याला गेलो. शेखरने चार शेजारी बोलावून ठेवलेले. चष्मा लावून तो मोठ्याने वाचायला लागला. आजोबा आले, काका आले, आत्या आली, आणि वाचन थांबलं. त्याने पत्रिका उलटून मागून पाहिली.

"भावोजी, साखरपुड्याचा राग अजून हाय व्हय तुमच्या पोटात?"

मी पत्रिका ओढून घेतली आणि नावं वाचली. मामा नव्हताच! चौकटीबरोबर नावंही जुनी आली होती. मला काय ठाऊक, अख्खी पत्रिकाच मागे जाते म्हणून?

"अरे, ते तुझं सॉफ्टवेअर..."

"त्यात समदी नोंद हाय की. जाऊन बघा."

"काढून टाकलं."

"त्याला पण?"

शेजाऱ्यांसमोर!

"प्राजूसाठी येईन," शेखर म्हणाला. "तुमच्या तोंडाकडे बघून नाय."

तेव्हापासून दुकानात बसून एकेका पत्रिकेवर हाताने मामाचं नाव लिहितोय. सुलभा समोर पत्रिकांना हळदकुंकू लावत बसलेली. शेवटी मीच म्हटलं, "अगं, काहीतरी बोल की."

"बोलते. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव हाय, ते तेवढं खोडा," ती म्हणाली. "लोकांना वाटू दे, भायरून छापून घेतली."