छापण्याआधी वाचणारे अंकल

"थांब. आधी मी वाचतो, मग तू ने."

केबिन रोडच्या सायबर कॅफेवाले अंकल प्रिंटरमधून निघालेला कागद छातीशी धरून प्रत्येकाला हेच सांगायचे. तुम्ही म्हणाल, काय हा आगाऊपणा! मी तर तोंडावर म्हणायचो. तेव्हा मी बाविशीचा. गटार, पाणी, रस्ते, दर आठवड्याला कुणाच्या तरी विरोधात पत्रक काढायचो.

"अंकल, हा खाजगी मामला आहे."

"मग घरी मशीन घे ना, बाळा."

बायोडेटातली चुकलेली जन्मतारीख मात्र तेच पकडायचे.

मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि माझं डोकं फिरलं. नेटवरच्या एका कम्युनिटीत शिरलो. तिथल्या एका 'भाऊ'ने महिनाभर नुसतं कौतुक केलं: 'तुझ्यासारखं धारदार कोणी लिहीत नाही.' पत्रकवाल्याला याहून मोठी लाच नाही, लिहून ठेवा. मी त्याचे मजकूर सुधारून देऊ लागलो. लांबट वाक्यं तोडली, घोषणा कडक केल्या. मग त्याने शांती नगरातल्या एका बेकरीचा पत्ता पाठवला. इथे अतिरेक्यांना आसरा मिळतो, धडा शिकवा. पुरावा? मी मागितलाच नाही. मथळा मात्र झकास दिला.

दोनशे प्रती काढायला गेलो. पहिली वाचून अंकलनी प्रिंटरची वायरच उपटली. पत्ता कुणी दिला विचारलं, मी नेटवरच्या भाऊचं सांगितलं.

"हा भाऊ तुला भेटला हाय?"

"नाही."

"बेकरीवाला?"

"नाही, पण..."

"मग भावाला लिही. म्हण, 'उद्या ये, दोघं मिळून वाटू.'"

लिहिलं. उत्तर आलं, 'वाटणं तुमचं काम. आम्ही मागे आहोत.' निदान खरं नाव तरी सांगा, म्हटलं. पाच मिनिटांत त्याचं प्रोफाइल गायब!

"आमच्या उत्तनला होडी ढकलणारा उडी मारून आत बसतो," अंकल म्हणाले. "काठावरून 'जा जा' करणारा खलाशी न्हाय."

मी तरीही अर्धा तास भांडलो. मग कागद स्वतःच फाडला.

दुसऱ्या दिवशी त्या बेकरीत गेलो. काउंटरवर मालकाची सून, मांडीवर बाळ. खारी बांधून देताना म्हणाली, "गरम है, संभालके." मी पुढे केलेला हात मागे घेतला. तिला वाटलं, चटका बसला.

अंकलना हे सांगायचं राहूनच गेलं. कॅफे बंद करून ते उत्तनला परतले. मी तिथे पोचलो तेव्हा त्यांना देवाघरी जाऊन चार दिवस झाले होते. अंगणात बोंबील वाळत होते. त्यांच्या बायकोने खुर्ची पुढे केली.

"ते तुझं काय छापून द्यायचे?"

मी त्याच बेकरीतून आणलेली खारीची पुडी तिच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सांगायला बसलो.