बांगडीएवढी फट

त्या रविवारी सकाळी मी आणि बायकोने गाडीचा क्लच सेट करायला घेतला. स्कूटर आमच्या लग्नाच्या वेळची, मुलुंडला बिल्डिंगखाली लावलेली. मी खाली पान्हा घेऊन बसायचो, ती सीटवर बसून लिव्हर धरायची. लिव्हरच्या बुडाशी फट किती ठेवायची, ते ती जुन्या काचेच्या बांगडीने बघायची. बांगडी फटीत नीट बसली की झालं. मेकॅनिक लोक हसायचे. हसू देत.

"दाब गं जोरात! जेवली नाहीस काय?"

"हात दुखतोय माझा. विका आता ही सवत."

"हात कसला दुखतो? तोंड तर मस्त चालतंय."

"बसली बघा बांगडी. आता हलवू नका."

एवढ्यात वर कुकरची शिट्टी झाली. ती गेली. नट आवळायचा राहिला. म्हटलं, जेवून आवळू.

जेवण वाढता वाढताच ती पडली. डॉक्टर म्हणाला, हार्ट. डावा हात दुखत होता का, विचारलं त्याने. दुखत होता. मला सांगितलं होतं तिने. मी काय बोललो, ते वर लिहिलंय.

संध्याकाळी बायकांनी तिला हिरवा चुडा भरला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाग्यवान हो, सवाष्ण गेली." माझं डोकं फिरलं. "कसलं भाग्य? कोणाचं? मी मागे उरलोय तो कोणाला दिसत नाही काय?"

त्यात मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, माझीच गाडी घेऊन हार आणायला गेला. नट ढिला. परत आला तेव्हा लिव्हर लोंबत होती.

"भावोजी, क्लच गेलाय. उद्या मेकॅनिककडे टाकतो."

"हात लावलास तर तंगडं मोडीन!"

त्याच्यावर ओरडलो. तिने बसवलेली फट गेली ती माझ्यामुळे. नट मी आवळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता खाली गेलो. बांगडी टूलबॉक्समध्ये होती. लिव्हर धरली तर खालचा नट दिसेना, नट धरला तर फट दिसेना. पान्हा आपटला दोनदा. मेव्हणा जिन्यात उभा होता. खाली आला, सीटवर बसला, लिव्हर धरली, बांगडी घेतली.

"बसली, भावोजी."

मी पान्हा नटाला लावला, पण फिरवला नाही. आधी विचारलं, "हात दुखतोय का रे?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही दुखत, भावोजी."

मग नट आवळला.