जोडाजवळचे वीतभर दात

पळसदरीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला धाकलूदादाचं घर. पडवीत जुना बँडसॉ, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत, भिंतीला कानशी टांगलेल्या. सुतारकाम त्यानं कधीच सोडलं. आता फक्त लोकांच्या करवतपट्ट्यांना धार लावतो. लोक म्हणजे कोण, तर मी एकटा! बाकीचे सुतार पट्टी बोथट झाली की फेकतात आणि नवी आणतात. मला ते बघवत नाही. बारा वर्षं झाली, मी खालापूरहून मोटरसायकलवर पट्टी घेऊन त्याच्याकडंच जातो.

त्याचा हात म्हणजे हात होता. पट्टीची दोन टोकं जिथं जोडलेली असतात तिथून सुरुवात करायची, प्रत्येक दातावर कानस तीनदा, आणि फिरत फिरत परत जोडाशी यायचं. त्याची बायको, पुतळावहिनी, समोर बसून पट्टी सरकवून द्यायची. तासतासभर दोघांत शब्द नसायचा. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली.

तेव्हापासून महिनाभर टिकणारी धार आठ दिवसांवर आली. मी म्हटलं, म्हातारा झाला, नजर गेली. गप्प बसलो. पण गेल्या महिन्यात एका बंगलेवाल्याचं सागाचं काम होतं, आणि पट्टी दर फेऱ्याला झटका द्यायला लागली. उतरवून उन्हात धरली. जोडाच्या अलीकडच्या वीतभर दातांना कानस नावालाही लागली नव्हती. बाकीचे लखलखीत. नजर गेलेला माणूस असं नेमकं सोडत नाही.

माझं डोकं सटकलं. तसाच पळसदरीला गेलो आणि पट्टी त्याच्या पुढ्यात टाकली.

"दादा, मला येडा समजलास काय?"

"बस, दामू."

"बसत नाय. हे दात का सोडलेस ते सांग आधी."

त्यानं त्या दातांवरून बोट फिरवलं. "पुरी धार लावली की तू महिनाभर येत नाय रं," तो म्हणाला.

मी भांडायला गेलेला माणूस, पण खाली बसलो. त्यानं सगळ्या पट्टीला नव्यानं धार लावली. मी समोर बसून सरकवत होतो. मला ते धड जमत नव्हतं, दोनदा शिव्या खाल्ल्या.

ती पट्टी मग अशी चालली की विचारू नका. पंधरा दिवस झाले, वीस झाले, साग काकडीसारखा कापतेय. मला पट्टीचाच राग यायला लागला. जायला कारण नाही. नुसतं जाऊन काय सांगू, आठवण आली? आमच्यात कोण असं बोलतं? आणि खरं सांगतो, माझ्याही घरी चार भिंतींशिवाय कुणी नाही.

एकविसाव्या दिवशी मी जुन्या चौकटीचा तुकडा खिळे न काढता माझ्या बँडसॉवर घातला, आणि पट्टी घेऊन पळसदरीला गेलो.

धाकलूदादानं पट्टी बघितली. "खिळा लागला?"

"लागला."

"एका वळीत अकरा दात मोडलेत. चीर पण गेलीय." तो माझ्याकडं बघत नव्हता. "लागला नाय रं. लावलास."

मी मान खाली घातली.

"ही गेली कामातनं," तो म्हणाला. "आता काय घेऊन येशील?"

'असाच येईन' म्हणायचं होतं मला. अगदी ओठांवर होतं. तोंडातून निघालं, "बघतो, नवी घेतो."