लाल रंगाच्या आधीचं चित्र

२९ सप्टेंबर १९९८. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणून मी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीतली जळमटं काढत होते. इस्लामपुरातल्या आमच्या शाळेला कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर भेट दिला होता. चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत प्रवेश नव्हता. हेडसरसुद्धा मोज्यांवर आत येत.

वर्षभर तो फक्त पाहुण्यांना दाखवायच्या कामी आला. जूनमध्ये चौथीचा वर्ग माझ्याकडे आला आणि मी तो वापरायला काढला. कारण साधं होतं. कुठल्याही मुलाला "काय झालं?" विचारलं की दोनच उत्तरं यायची: "काय न्हाई", नाहीतर "लय राग आला." मग एकदम मारामारी.

चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये मी एक गोल काढला. त्याला माउसने डोळे, भुवया, तोंड. भुवई जरा खाली ओढली की चेहरा बदलायचा आणि मुलं हसून लोळायची. "ह्याला आता काय झालंय?" असं विचारलं की शब्द यायचे.

"रुसलाय."

"पोटात गोळा आलाय बाई त्येच्या. गणिताचा तास हाय."

एकाने तोंडाची रेघ वाकडी केली आणि जाहीर केलं, "ह्येच्या भावाला नवी सायकल मिळालीया." त्या दिवशी 'हेवा' हा शब्द फळ्यावर चढला. प्रत्येक चेहरा आम्ही फ्लॉपीत ठेवत गेलो. वर्गाचा नियम असा, की आधी चेहऱ्याचं नाव सांगायचं आणि मग भांडायचं. नाव सांगेपर्यंत निम्मी भांडणं विरून जायची.

एकच मुलगी अडून बसली होती. वडिलांची बदली झाली म्हणून जुलैत कोयनानगरहून आलेली. दर आठवड्याला शेजारी बसणाऱ्याला मारायची. कॉम्प्युटरवर पाळी आली की काहीतरी काढायची, आणि मी बघायच्या आत सगळ्या पडद्यावर लाल रंग ओतायची.

"हे काय?"

"राग."

आणि माउस पुढच्या मुलाकडे सरकवायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी तिने शेजारच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला. हेडसरांनी तिच्या वडिलांना संध्याकाळी पाचला बोलावलं. "दाखला देऊन टाकू, बाई. आपल्याला ही झेपत नाही." वर्षाच्या मध्यात गावातली दुसरी शाळा तिला घेणार नव्हती, म्हणजे तिला आईवडिलांना सोडून मामाच्या गावी शाळेत जावं लागलं असतं.

मधल्या सुट्टीत मी तिच्या हातात फडकं दिलं आणि खोली पुसायला घेतली. पुसून झाल्यावर म्हटलं, "बस. काढ." तिने काढलं आणि लाल रंग ओतला. या वेळी मी तिच्या हातातून माउस घेतला आणि 'अन्डू'वर टिचकी मारून चित्र एक पाऊल मागे नेलं. लाल रंग गेला. ती दचकली. असं मागे जाता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

पडद्यावर एक बाक होता. बाकावर ती, केस उभे, तोंड वासलेलं. शेजारी एक मुलगा हसत होता. बाकाच्या पायांशी नागमोडी रेघा होत्या.

"ह्या रेघा कसल्या गं?"

"हादरा."

"बाकाला?"

"त्यो पाय हलवतो. मग समदा बाक हलतो. कोयनेला जमीन हादरली की आमी भाईर पळायचो. हितं कुणीच पळत न्हाई. तुमीबी शिकवतच बसता."

"म्हणून त्याला मारतेस?"

"मग काय करू?"

इतकी वर्षं शिकवूनही माझ्या लक्षात हे आलं नव्हतं. मी तिला रागाचे निरनिराळे चेहरे काढायला लावत होते. विचारलं, "मग हा राग आहे का?"

तिने चित्र नीट बघितलं. "न्हाई. भ्या."

चित्र फ्लॉपीत ठेवलं आणि मी वर्गावर गेले. पाचला वडील आले. मी फ्लॉपी घ्यायला खोलीत पळाले तर शिपायाने पूजा मांडूनही टाकली होती. पडद्याला कुंकवाचं बोट, बटणांमध्ये अक्षता, फ्लॉप्यांच्या डब्यावर नारळ.

"सकाळची घाई नको म्हनलं," शिपाई म्हणाला. "आता ह्येला आराम. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मग बटन."

"फ्लॉपी तरी दे."

"आनि नारळ हलवू? आवं बाई, तुमीच हलवा. मी तोंड फिरवतो."

मी हलवलाही असता. पण दारात हेडसर उभे होते. "राहू द्या, बाई. मांडलेली पूजा आहे."

वाद घालायला वेळ नव्हता. मुलीला ऑफिसात नेलं आणि म्हटलं, "चित्र दाखवता येत नाही. तूच सांग."

तिने वडिलांकडे पाहिलं, हेडसरांकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी हेडसरांचं टेबल धरलं आणि गदागदा हलवलं. पेनं घरंगळली. हेडसर खुर्चीतून अर्धे उठले.

"असं हललं की मला भ्या वाटतं," ती म्हणाली. "राग न्हाई. भ्या. त्येनं पाय हलवायचा न्हाई."

वडील दाराशी पोचले होते. ओशाळून मागे वळले. "सवयच हाय सर. हललं की पाय भाईर."

"अहो, मी तरी कुठे बसलोय!" हेडसर म्हणाले, आणि आम्ही तिघे हसायलाच लागलो. मुलीला काही कळेना. मग तीही हसली. तिचे बाजूचे दोन दात पडलेले आहेत हे मला तेव्हा दिसलं. हेडसरांनी दाखल्याचं पुस्तक खणात टाकलं. "ज्याला चावलीस त्याला ते का, हे तू सांगायचंस. आणि बाई, बाकाचं तेवढं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या जुन्या रबरी स्लिपरचे चार तुकडे विळीवर कापले आणि प्रार्थनेआधी त्या बाकाच्या पायांना खालून ठोकून बसवले. शाळेची हातोडी पूजेत होती, म्हणून मैदानातला दगड घेतला.